शेतात शिरलेला हत्यारी माणूस : भीती, राग आणि आपला हक्क



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हे काम फौजदाराचं किंवा वकिलाचं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचं इथं काय काम? पण वैजापूर तालुक्यात जो शेतवस्तीवर राहतो त्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. रात्रीची लाइट आली म्हणून आपण बॅटरी घेऊन दारं धरायला निघालो, आणि मकेच्या कडेला कुणीतरी उभं दिसलं, हातात कुऱ्हाड. किंवा भर दुपारी बांधावरून एकजण तावातावानं शिव्या देत येतोय, हातात कोयता. जमीन आपली, सातबारा आपला. तो आत आलाय. आता काय करायचं?

हा प्रश्न दिसतो एक, पण त्यात तीन प्रश्न आहेत. पहिला, तो माणूस कोण आहे हे आपल्याला कसं कळलं? हा ज्ञानाचा प्रश्न. दुसरा, तो चिडलेला आहे म्हणजे नेमकं काय झालेलं आहे? हा मनाचा प्रश्न. आणि तिसरा, आपल्याला किती हक्क आहे, तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो? हा न्यायाचा प्रश्न. आपण एकेक घेऊ.

तो कोण आहे?

वेदान्तात दोरी आणि सापाचा दृष्टान्त आहे. अंधारात दोरी पडलेली असते, आपल्याला साप दिसतो. भीती खरी असते, घाम खरा असतो, छातीची धडधड खरी असते, फक्त साप खोटा असतो. वर्गात हा दृष्टान्त आम्ही मायावाद समजावण्यासाठी वापरत होतो. शेतात त्याचा अर्थ फार साधा आहे. भीती खरी आहे म्हणून जे दिसलं ते खरं ठरत नाही. आपल्याकडे म्हणतातच, साप साप म्हणून भुई धोपटणे. पण भुईच्या जागी जर माणूस असला तर?

हे आपल्याच तालुक्यात घडलेलं आहे. २०१८ च्या जून महिन्यात चांदगाव शिवारात जमावानं काही माणसांना दरोडेखोर समजून मारहाण केली आणि त्यात दोघांचा जीव गेला. त्या दिवसांत मोबाइलवरून अफवा फिरत होत्या. टोळ्या आल्यात, मुलं पळवतात, वस्त्यांवर दरोडे घालतात. त्यानंतर महिना होत नाही तोच, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारण्यात आलं. ती भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच संशयावरून मारले गेले.

आता यात एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वस्तीवर राहणाऱ्याची भीती हवेतून आलेली नाही. जानेवारी २००१ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत जो दरोडा पडला, त्यात काय काय अत्याचार झाले हे गोदावरीच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या माणसांना अजून आठवतं. त्यामुळे शहरात बसून वस्तीवरच्या माणसाला 'तुम्ही उगाच घाबरता' असं सांगणं सोपं आहे, पण बरोबर नाही. भीतीला कारण आहे. प्रश्न एवढाच आहे की समोर जो उभा आहे, तोच ते कारण आहे का?

इथं आणखी एक जुना गाळ आपल्या मनात साचलेला आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला, रद्द झाला. कायदा गेला, पण डोळ्यांना लागलेली सवय गेली नाही. पालावर राहणारा माणूस वाटेनं दिसला की आपल्याला आधी चोर दिसतो, मग माणूस दिसतो. हा दोरीला साप म्हणण्याचाच प्रकार, फक्त साप म्हणायला आपल्याला कुणीतरी शिकवलेलं आहे.

मग ओळखायचं कसं? खेड्यात हातात पातं असलेली माणसं सारखी दिसतात. ऊसतोडीचा मजूर कोयता घेऊनच जातो, मेंढपाळाच्या खांद्यावर कुऱ्हाड असतेच, गवत कापणाऱ्या बाईच्या हातात विळा असतो. हत्यार आणि अवजार यात वस्तूचा फरक नाही, हेतूचा आहे. आणि हेतू डोळ्यांना दिसत नाही, तो वागण्यावरून काढावा लागतो. पातं खाली आहे की वर उगारलेलं? तो आपल्याकडे येतोय की आपल्यापासून लांब जातोय? आपण आवाज दिल्यावर थांबला का? बोलतोय का? एकटा आहे का? न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात, आणि अनुमानाला हेतू लागतो, म्हणजे धूर दिसल्याशिवाय आग म्हणायचं नाही. हातात कुऱ्हाड असणं हा धूर नव्हे. कुऱ्हाड उगारून, हाका मारूनही न थांबता, अंगावर चालून येणं हा धूर.

आणि खरं बोलायचं तर आपल्या भागात बांधावर हत्यार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतोच. तो चुलतभाऊ असतो, शेजारी असतो, खालच्या अंगाचा पाणीवाला असतो. बांध कोरला, वाट अडवली, चारीचं पाणी वळवलं, मेंढरं कांद्यात शिरली, वाटणीत विहिरीचा हिस्सा राहिला, अशी कारणं असतात. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून तर ज्या तुकड्याकडे कुणी बघत नव्हतं त्याचाही भाव लोकांना पाठ झालाय. म्हणजे आपला 'घुसखोर' बहुधा असा माणूस असतो की ज्याच्या लग्नात आपण जेवलेलो आहोत, आणि जो उद्याही आपल्या शेजारीच राहणार आहे.

तो चिडलाय म्हणजे काय?

रागाची व्याख्या अॅरिस्टॉटलनं 'ऱ्हेटरिक' या ग्रंथात केली आहे. तिचा सारांश असा, की राग म्हणजे आपली किंवा आपल्या माणसांची विनाकारण अवहेलना झाली असं वाटून होणारं दुःख आणि त्यासोबत येणारी परतफेडीची इच्छा. ही व्याख्या नीट बघा. त्यात नुकसान हा मुख्य शब्द नाही, अवहेलना हा आहे. माणूस फूटभर जमिनीसाठी कुऱ्हाड उचलत नाही. 'याने मला मोजलंच नाही' यासाठी उचलतो.

हे कळलं की पुढचं वागणं आपोआप कळतं. चिडलेला माणूस चोरासारखा नसतो. चोराला काही न्यायचं असतं, चिडलेल्याला काही सांगायचं असतं. त्याच्या हातातलं पातं भयानक असतं, पण त्याच्या तोंडात एक तक्रार असते, आणि ती तक्रार ऐकली जातेय असं त्याला वाटलं तर पातं खाली येण्याची शक्यता वाढते. उलट 'तू कोण रे मला सांगणारा', 'तुझी लायकी काय', 'हात लावून तर बघ' ही वाक्यं म्हणजे ज्या जखमेनं तो आला तिच्यावरच पुन्हा घाव.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात रागाची उतरंड सांगितली आहे. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृती जाते, स्मृती गेली की बुद्धी जाते, आणि बुद्धी गेली की माणूस संपतो. यात 'स्मृती जाते' हा टप्पा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. रागात माणूस विसरतो. आपल्याला मुलं आहेत हे विसरतो, हा आपला भाऊ आहे हे विसरतो, उद्याचा दिवस आहे हे विसरतो. म्हणून त्याला आठवण करून देणं हा उपाय आहे, धमकीची नव्हे, नात्याची. त्याचं नाव घेऊन हाक मारणं ही सगळ्यात लहान आठवण. 'अण्णा', 'भाऊ', 'दादा' हे शब्द अशा वेळी नुसतं सौजन्य नसतात, ते दोर असतात.

रोमन विचारवंत सेनेका यानं क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगितलं की रागावर सगळ्यात मोठं औषध म्हणजे उशीर. वेळ काढा. वाद जिंकायचा नाही, वेळ काढायचा. पण हे औषध दोघांनाही लागतं बरं का. राग संसर्गजन्य आहे. तो चिडून आला, पाच मिनिटांत आपणही चिडलो, आणि मग कोण कुणाच्या शेतात शिरलं याला अर्थ राहत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं?

आता थोडं व्यवहाराचं बोलू. यातलं बरंचसं जुन्या माणसांना माहीत आहे, पण वेळेवर आठवत नाही.

पहिली गोष्ट अंतर. कुऱ्हाडीचा दांडा आणि हात मिळून जेवढं पोचतं त्याच्या कितीतरी लांब राहायचं. मध्ये काहीतरी असू द्यावं, ट्रॅक्टर, बैलगाडी, पाण्याचा हौद. पाठ विहिरीकडे किंवा कुंपणाकडे ठेवू नये. मागं सरकणं म्हणजे हरणं नव्हे. जमीन कुठं जात नाही, ती उद्याही तिथंच असते.

दुसरी गोष्ट वाट. आपल्याला निघायला वाट पाहिजे, तशी त्यालाही पाहिजे. कोंडलेलं मांजर अंगावर येतं हे आपण घरात बघतो. चौघांनी चार बाजूंनी घेरलेला माणूस, तो जाणार असला तरी जाऊ शकत नाही. 'आता जा, सकाळी बसून बोलू' असं म्हणून त्याला मान ठेवून जाता येईल अशी फट सोडावी.

तिसरी गोष्ट बोलणं. आवाज खालचा, वाक्य छोटं. 'काय झालं भाऊ? तिथूनच सांग, ऐकतोय.' तो शिवी देईल. शिवीला उत्तर देऊ नये. हात दिसतील असे ठेवावेत. बॅटरीचा झोत डोळ्यांवर न मारता पायांजवळ टाकावा. कुत्रं सोडू नये. मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून चित्रण करू नये. पुरावा मिळेल, पण त्याच्या दृष्टीनं ती आणखी एक अवहेलना असते. आणि समोरचा दारू प्यालेला असला तर समजावण्याचा नाद सोडून सरळ निघून जावं. नशेशी वाद होत नाही.

चौथी गोष्ट गर्दी. आपली सहज प्रवृत्ती ओरडून वस्ती गोळा करण्याची असते. मदतीला दोन शहाणी माणसं जरूर बोलवावीत. पण पन्नास माणसं आली की त्यांना थांबवणारा कुणी नसतो. जमावाला भीती असते, राग असतो, जबाबदारी नसते. जमावातला प्रत्येकजण एकच काठी मारतो आणि म्हणतो, मी तर एकच मारली.

पाचवी गोष्ट पोलीस. ११२ हा क्रमांक फिरवावा, आणि गावच्या पोलीस पाटलाला फोन करावा. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ नुसार त्याचं ते कामच आहे. शेतवस्तीला घर नंबर नसतो, गल्ली नसते. म्हणून आपला गट नंबर, शिवाराचं नाव, जवळची डीपी, चारीचा नंबर, डांबरी रस्त्यावरून कुठं वळायचं, हे घरातल्या सगळ्यांना, अगदी आठवीतल्या मुलीलासुद्धा, पाठ पाहिजे. ही दोन वाक्यं भिंतीवर लिहून ठेवायला काही खर्च नाही. घरात बाई एकटी असेल, लेकरं असतील, तर बाहेर येऊन बोलायचंच नाही. दार लावायचं आणि आतून फोन करायचा.

हक्क किती?

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम ९६ ते १०६ मधला खाजगी बचावाचा हक्क आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मूळ मसुदा मेकॉलेच्या काळातला, १८३७ चा. म्हणजे हा हक्क काही नवा नाही, आणि तो भित्र्या माणसासाठी लिहिलेलाही नाही. स्वतःचं शरीर, दुसऱ्याचं शरीर, आणि मालमत्ता, तिन्हींचा बचाव करण्याचा हक्क कायदा देतो.

पण या हक्काला पायऱ्या आहेत. नुसतं कुणी शेतात शिरलं, पीक तुडवलं, कणसं मोडली, तर त्याला रोखता येतं, बाहेर काढता येतं, गरजेपुरतं बळ वापरता येतं. जीव घेता येत नाही. मालमत्तेसाठी प्राणघातक बळ कलम ४१ नं फार थोड्या प्रसंगांत मान्य केलं आहे, उदाहरणार्थ जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणं, किंवा चोरी, नासधूस, गृह-अतिक्रमण अशा रीतीनं होणं की मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी. मोकळं शेत आणि राहतं घर यात कायदा फरक करतो. आणि समोरचा हत्यार उगारून अंगावर आला, जिवाची वाजवी भीती निर्माण झाली, तर प्रश्न शेताचा उरत नाही, शरीराचा होतो, आणि मग कलम ३८ लागू होतं. शिवाय कलम ३७ सांगतं की सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा कधीच करता येत नाही.

दोन निकाल शेजारी ठेवून बघू. दोन्ही शेतातल्या भांडणाचे, दोन्ही पंजाबातले. पहिला जयदेव विरुद्ध पंजाब राज्य, १९६२ चा. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसानं. जमिनीवरून दोन गट भिडले. आरोपींना सुरुवातीला बचावाचा हक्क होता, हे न्यायालयानं मान्य केलं. पण समोरचे लोक पळायला लागल्यावरही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. न्यायालयानं म्हटलं, धोका संपला, शत्रू पळाला, तिथं हक्कही संपला. आरोपी सुटले नाहीत.

दुसरा दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २०१० चा. इथंही शेत, इथंही हत्यारं. वडिलांच्या डोक्यावर गंडाशाचा घाव बसला, तेव्हा मुलानं बंदूक चालवली आणि हल्लेखोर मेला. सत्र न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. कारण घाव बसलेला होता आणि पुढचा कधीही बसला असता. अशा क्षणी माणसानं सोनाराच्या काट्यावर बळ मोजून वापरावं अशी अपेक्षा कायदा करत नाही.

दोन्ही ठिकाणी बंदूक होती, दोन्ही ठिकाणी माणूस मेला. फरक कुठं पडला? चालून येणारा माणूस आणि पळून जाणारा माणूस, एवढाच फरक. हा फरक आपल्या शेतवस्तीवर लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो मागं फिरला की आपलं काम संपलं. पाठलाग हा बचाव नसतो.

इंग्लंडमध्येही हाच मुद्दा आला. नॉरफोकमध्ये टोनी मार्टिन नावाचा शेतकरी एकट्या घरात राहत होता. ऑगस्ट १९९९ मध्ये रात्री दोघे चोर शिरले, त्यानं गोळ्या झाडल्या, त्यात सोळा वर्षांचा एक मुलगा मेला, आणि गोळी पाठीत लागलेली होती. २००० साली ज्यूरीनं त्याला खुनाबद्दल दोषी धरलं. २००१ च्या अपिलात तो सदोष मनुष्यवध ठरला. सारा देश या निकालावरून दुभंगला होता. त्याची भीती खोटी होती असं फारसं कुणी म्हणत नव्हतं. पण पाठीत लागलेली गोळी भीतीनं समजावता येत नव्हती.

याच ओघात आणखी एक. रानडुकरांसाठी म्हणून काही जण शेताच्या कडेनं तारेत वीज सोडतात, आणि 'चोरही येणार नाही' असं मनातल्या मनात म्हणतात. अमेरिकेत आयोवा राज्यात ओस घराच्या दारामागं बंदुकीचा सापळा लावणाऱ्या दांपत्याला १९७१ साली न्यायालयानं जखमी चोराला तीस हजार डॉलर द्यायला लावले. लोकांना ते विचित्र वाटलं. पण तत्त्व सरळ आहे. आपण समोर असतो तेव्हा दोरी की साप हे बघू शकतो. तारेला ते बघता येत नाही. तिला चोर, शेजाऱ्याचं पोर, चुकलेली म्हैस आणि आपलाच मुलगा सारखेच.

मग मार खायचा का?

व्याख्यान संपल्यावर हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेऊ. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज' मध्ये शस्त्र घेऊन घरात शिरलेल्या चोराचा प्रश्न चर्चेला घेतला आहे. ते विचारतात, तो चोर तुमचा बाप असेल तर तुम्ही काय कराल? ओळखीचा असेल तर? अनोळखी असेल तर? म्हणजे आपलं उत्तर चोरीवर नव्हे, चोर कोण यावर बदलतं. पुढं ते दाखवतात की चोरावर सूड घ्यायला गाव गोळा केलं तर चोरही आपले साथीदार गोळा करतो, शेजारीपाजारी ओढले जातात आणि वैर वाढत जातं. दुसरा मार्ग ते सुचवतात तो दया, संयम आणि चोराला विचारात पाडण्याचा.

हे सगळ्यांना जमेल असं आम्ही म्हणणार नाही. पैठण आपल्याच जिल्ह्यात. नाथांच्या अंगावर स्नान करून येताना एकजण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकली. पण तिथं काय पणाला होतं ते बघा. अपमान पणाला होता, जीव नव्हता. आम्हाला वाटतं, सामान्य माणसासाठी रेघ इथंच ओढता येते. शिवी सोसावी, घाव अडवावा. शिवीनं आपलं काही तुटत नाही, आणि शिवीमुळे बचावाचा हक्कही जन्माला येत नाही. घाव मात्र अडवण्याचा हक्क आहे, आणि लेकराबाळांवर येणारा घाव असेल तर ते कर्तव्यच आहे. आपल्याकडे उलटं होतं. घाव पडायच्या कितीतरी आधी, शिवीलाच आपण पहिला घाव घालतो.

'पोलीस वेळेवर येत नाहीत' असंही म्हणतात. खरं आहे, वस्तीवर गाडी पोचायला वेळ लागतो. म्हणूनच कायद्यानं मधल्या वेळासाठी बचावाचा हक्क दिला. पण तो मधल्या वेळापुरता. त्या वेळात जीव वाचवायचा आहे, निकाल लावायचा नाही.

नंतर काय?

प्रसंग टळला म्हणजे संपला असं नाही. दुसऱ्या दिवशी दोन कामं असतात.

एक फिर्याद. इजा झाली असेल तर आधी सरकारी दवाखाना, मग पोलीस ठाणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यावी लागते. ऑनलाइन पद्धतीनं दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीत घडलं तेवढंच लिहावं. दोन माणसं आली असतील तर बारा नावं घालू नयेत. खोटं एक नाव खऱ्या दोन नावांनाही वाचवतं.

दुसरं काम मूळ तक्रारीचं, आणि आपण तेच टाळतो. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणी मागावी. वहिवाटीची वाट किंवा पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. बांधावरून रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. जबरदस्तीनं ताबा गेला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली, पुन्हा सहा महिन्यांच्या आतच, दिवाणी दावा करता येतो. सहा महिने हा आकडा लक्षात ठेवा. कारण स्थिरावलेला ताबा बळानं काढता येत नाही, मालक असलो तरी. मुन्शीराम विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलेलं आहे. आणि एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, असा किमान बारा वर्षांचा घोळ असेल तर शासनानं २०२३ साली आणलेली सलोखा योजना बघावी. एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी शुल्क, एवढ्यात अदलाबदल करायची ती सोय आहे. मुदत चालू आहे का ते तहसीलमध्ये विचारून घ्यावं.

हे सगळं आम्ही का सांगतोय? कारण बांधावर कोयता घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा महिनोन्‌महिने आधीच येऊन गेलेला असतो. आधी तो बोलायला येतो, मग ओरडायला येतो, मग हत्यार घेऊन येतो. पहिल्या दोन वेळा आपण म्हटलेलं असतं, जा, काय करायचं ते कर. तो तिसऱ्यांदा करून दाखवतो. हत्यारापुढं कसं उभं राहावं हे शिकायलाच हवं, पण त्याहून स्वस्त आणि जास्त खात्रीचा उपाय पहिल्या भेटीत आहे.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या चारी बांधांचा विचार करा. कुठल्या बांधावरचा माणूस सध्या आपल्याशी बोलत नाही, ते आठवा. पेरणीच्या आधी त्याच्याकडे जा, आणि भाऊ, तुझं काय म्हणणं आहे, एवढंच विचारा.